गाडी किती खाली घ्यावी?

स्पोर्ट्‌स मोटारीचे पहिले लक्षण डोळ्यांत भरते ते तिचे जमिनीलगत बसणे. हुबळीच्या कोप्पीकर रोडसारख्या गजबजलेल्या बाजाररस्त्यावरून अशी गाडी संथपणे जाऊ लागली की दुकानांतील गिऱ्हाईकही वळून पाहते. तिच्या मालकाला मात्र बहुधा एकच गोष्ट खटकत असते. ती म्हणजे चाक आणि त्यावरील मडगार्ड यांच्यामध्ये उरलेली चार बोटे मोकळी जागा. ही जागा नाहीशी व्हावी म्हणून मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसविण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु ही जागा निर्मात्याने निष्काळजीपणाने सोडलेली नसते. खाचखळग्यांतून जाताना चाकाला वर सरकण्यासाठी ती ठेवलेली असते. स्प्रिंगांची निवड म्हणजे मुख्यतः या जागेचा हिशेब होय.

स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो, हा नियम इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ साली विशद केला. मोटारीची वेटोळ्यांची स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिच्या तारेला प्रत्यक्षात पीळ बसत असतो. म्हणून तिचा ताठरपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या या गोष्टींवर अवलंबून असतो. त्यांतही जाडीचा प्रभाव विलक्षण आहे. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी तेरा मिलिमीटरची तार घेतली, तर बाकी सर्व तेच असूनही स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक ताठ होते. यास्तव दोन स्प्रिंगा दिसावयास सारख्या असल्या, तरी गुणाने सारख्या असतीलच असे नाही.

आता मोकळ्या जागेचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या गाडीचे चाक नेहमीच्या स्थितीपासून आठ सेंटिमीटर वर जाऊ शकते आणि त्यानंतर रबरी ठोकळ्यावर आदळते. गाडी तीन सेंटिमीटर खाली घेतली की ही चाल पाच सेंटिमीटरच उरते. खड्ड्याचा तोच धक्का आठऐवजी पाच सेंटिमीटरांत जिरवावयाचा, तर स्प्रिंग अडीचपटींहून अधिक ताठ हवी. इतकी ताठ स्प्रिंग रोजच्या वापरात अंग खिळखिळे करील. म्हणून बाजारातील स्प्रिंगांत मधला मार्ग काढलेला असतो. त्या काहीशा ताठ असतात आणि उरलेला धक्का ठोकळ्यावर सोपवितात. गाडी जितकी खाली, तितका हा ठोकळा वारंवार कामास येणार, हे मालकाने जाणून असावे.

मग गाडी खाली घेण्यात लाभ काहीच नाही काय? लाभ आहे, पण समजतात तेवढा नाही. बाराशे किलोची गाडी आहे, तिचा गुरुत्वमध्य पन्नास सेंटिमीटर उंचीवर आहे आणि दोन्ही बाजूंच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे, असे धरू. वेगाने घेतलेल्या एखाद्या वळणावर तिच्या आतल्या चाकांवरील दोनशे किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी तीन सेंटिमीटर उतरविली, तर त्याच वळणावर हा भार १८८ किलो होतो. म्हणजे बचत अवघी बारा किलोंची.

शिवाय, १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून असंख्य गाड्यांना पुढे मॅक्‌फर्सन पद्धतीची रचना असते. या रचनेत गाडी खाली आणली की जोडदांड्यांचे कोन बदलतात आणि वळणावर कलण्याची प्रवृत्ती उलट वाढू शकते. ती आवरते स्प्रिंगेचा ताठरपणा, उंचीतील घट नव्हे. ताठरपणाचीही एक मर्यादा आहे. १९६२ सालची लोटस एलान ही गाडी वळणांवरील पकडीसाठी आजही वाखाणली जाते, आणि तिच्या स्प्रिंगा मऊच होत्या. रस्ता ओबडधोबड असला की जमिनीला धरून राहणारे चाकच पकड देते. उसळणारे चाक देत नाही.

येथे रस्त्याचा प्रश्न येतो. इंडियन रोड्‌स काँग्रेसने ठरविलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली की तिचे पोट जमिनीच्या जवळ येते ते फक्त साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास. कारण चारही चाके त्या उंचवट्यावरच असतात. गल्लीत कोणी मनाने घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र दोन चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो. तो बारा सेंटिमीटर उंच असेल, तर गाडीच्या पोटाखालची बारा सेंटिमीटर जागा खाऊन टाकतो. मूळची चौदा सेंटिमीटरांची जागा अकरावर आणलेली गाडी त्यावर अडणारच. त्यात दोन माणसे आणि सामान असले तर सायलेन्सर किंवा इंजिनाखालचे तेलपात्र फुटण्याची भीती.

हुबळीकरांची वाट तर तऱ्हेतऱ्हेची. पुणे-बंगळूर महामार्ग चांगला म्हणावा, तर पूर्वेला गदगच्या दिशेने काळी जमीन लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरील डांबरी रस्त्याला लाटा आणते. पश्चिमेस अंकोल्याकडे जाताना अरबैल घाटाची वळणे आहेत. लाटांच्या रस्त्याला चाकाची लांब चाल हवी आणि घाटाला कमी कल हवा. दोन्हींचा मेळ घालावयाचा, तर उंचीतील घट थोडी आणि ताठरपणा बेताचा ठेवणे, हेच शहाणपणाचे.

स्प्रिंग एकटी काम करीत नाही, हेही विसरता कामा नये. दाबलेल्या स्प्रिंगेची उसळी शॉक-ॲब्सॉर्बर आवरतो. ताठ स्प्रिंगेची जोरदार उसळी जुन्या, थकलेल्या शॉक-ॲब्सॉर्बरला आवरत नाही आणि गाडी डुलत राहते. म्हणून दोहोंची निवड एकत्रच करावी. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. व्हील अलाइनमेंट करून घेतले नाही, तर टायर आतल्या कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या उंचीवरून ठरतो. तेथे मागची बाजू खाली गेली की भार वाढल्याचा भास होऊन मागचे ब्रेक गरजेपेक्षा जोराने लागू शकतात.

मूळ स्प्रिंगेचे एक-दोन वेटोळे कापून काम भागविण्याचा स्वस्त उपाय मात्र निषिद्ध समजावा. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग सुटू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसविण्यात पोलादाचे पाणीच उतरते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर ठरणाऱ्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा खरेदीपूर्वीच परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे.

सारांश, विक्रेत्याला केवळ ‘गाडी किती उतरेल?’ असे विचारून भागणार नाही. स्प्रिंग मूळच्यापेक्षा किती टक्के ताठ आहे, भरल्या गाडीत चाकाला किती चाल उरेल, चाक पूर्ण लोंबकळले तरी स्प्रिंग आपल्या बैठकीत राहील काय आणि कोणता शॉक-ॲब्सॉर्बर तिच्याशी जुळतो, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे आकड्यांत मिळाली तरच पैसे मोजावेत. ती न मिळाल्यास मूळची स्प्रिंग आणि ती चार बोटे जागा जशीच्या तशी ठेवण्यात कमीपणा नाही. रात्रीच्या अंधारात न दिसलेल्या खड्ड्यातून गाडी सुखरूप बाहेर पडते, ती त्याच जागेच्या बळावर.