स्वामी, गोट्या आणि मुलांचे मन
राग, रुसवा, मत्सर, पश्चात्ताप या भावना ओळखायला जुन्या बालमालिकांनी शिकवले ते उपदेश करून नव्हे. गोष्टीतल्या मुलाला त्यांनी मोकळेपणाने चुकू दिले. मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरच्या लासूर स्टेशनसारख्या गावांत तेव्हा टीव्ही मोजक्याच घरी असे आणि शेजारची मुले तिथे जमत. दाटीवाटीत सरकून जागा देणे, पडद्यावरच्या रडणाऱ्याला हसणाऱ्या मुलाला गप्प करणे, हेही शिक्षणच होते. ते पटकथेत लिहिलेले नव्हते एवढेच.

शंकर नाग दिग्दर्शित ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर १९८७ मध्ये आली. तिच्यातला स्वामी आर. के. नारायण यांच्या १९३५ च्या कादंबरीतून आलेला. त्याच्या करड्या वडिलांची भूमिका माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाड यांनी केली. कादंबरीत स्वामी शाळेतून पळतो, भटकतो आणि क्रिकेटच्या सामन्याला मुकतो. कप्तान राजम त्याच्याशी बोलणे टाकतो. पुढे राजमच्या वडिलांची बदली होते. स्वामी निरोपाला पुस्तक घेऊन स्टेशन गाठतो, पण गाडी सुटते आणि राजमचा राग गेला की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. माफी मागायला उशीर होऊ शकतो, हे लहान मुलाला इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल.

राजदत्त यांची ‘गोट्या’ ही ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरची मालिका. आई-वडिलांविना वाढणाऱ्या गोट्याला दुसऱ्याच्या घरात माया मिळते. आपले घर परक्या मुलाला कसे दिसत असेल, हा विचार सुखवस्तू घरातल्या मुलांपर्यंत त्यामुळे पोचला.

अमेरिकेत १९६९ पासून ‘सेसमी स्ट्रीट’ने हे काम बालमानसशास्त्रज्ञांच्या मदतीने केले. दुकानदार मिस्टर हूपर साकारणारे विल ली १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी नवा नट घेतला नाही, हूपर परगावी गेल्याची थापही मारली नाही. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड हा पिवळा पक्षी सर्वांना त्यांची चित्रे वाटतो आणि हूपर यांचे चित्र घेऊन त्यांना शोधू लागतो. ते मरण पावले आहेत, आता परत येणार नाहीत, हे मोठी माणसे भरल्या गळ्याने त्याला सांगतात.

त्याच मालिकेचे भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये हिंदीत सुरू झाले. त्यातली चमकी ही पाच वर्षांची, शाळेच्या गणवेशातली, सतत प्रश्न विचारणारी मुलगी आहे.