धुराच्या खाडीकाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळी साडेदहाच्या सुमारास हळदीचे सौदे रंगात येतात, तेव्हा आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. जूनच्या अखेरीस मात्र तेथे त्या वेळी सूर्य उगवून दोन तास उलटलेले असतात. भाड्याने घेतलेल्या घराच्या खिडकीपाशी रोज त्या वेळी अण्णा फोन कानाला लावून बसलेले दिसत. कोणत्या गावचा माल आला, दर काय निघाला, कोणी किती पोती उचलली, हे सारे ऐकून झाल्यावर ते मुलाला सांगत, "मला विचारल्याशिवाय गोदामातला लॉट काढू नकोस." मग पुन्हा अंथरुणाला पाठ टेकत. आत वहिनी जाग्याच असत.

यार्डात सारे त्यांना अण्णा आणि वहिनी म्हणूनच ओळखतात. लग्नाला एकतीस वर्षे झाली. लग्नानंतर दोघे महाबळेश्वरला गेले होते, तेव्हा हंगाम लवकर सुरू झाल्याचा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना परतावे लागले. त्यानंतर तीर्थयात्रा घडल्या, लग्नकार्यांचे प्रवास झाले, परंतु केवळ दोघांनी, काही कारण नसताना, कोठे जाणे असे घडले नाही. दुकान आता मुलाने पाहावे असे ठरले होते खरे; पण किल्ल्यांचा जुडगा अण्णांच्याच कमरेला होता. अखेर मुलाने आणि सुनेने परस्पर तिकिटे काढून हातात ठेवली. इतक्या दूरचे ठिकाण का निवडले, याचे उत्तर सुनेने हसत दिले, "जवळ असते तर अण्णा दुसऱ्या दिवशी परत आले असते."

रेक्याविक या नावाचा अर्थ धुराची खाडी असा होतो. सुमारे ८७४ साली इंगोल्फर आर्नार्सन हा पहिला वसाहतकार येथे उतरला, तेव्हा जमिनीतून उठणारी वाफ त्याच्या लोकांना धुरासारखी भासली, असे सांगतात. ही वाफ या शहराचे आजही मोठे धन आहे. घराघरांतील गरम पाणी भूगर्भातून येते, साऱ्या देशातील नव्वद टक्क्यांच्या आसपास घरे त्यानेच उबदार राहतात. नळ सोडताच गंधकाचा वास येतो. पहिल्या दिवशी वहिनींनी घाबरून नळ बंदच केला. गार पाण्याला मात्र वास नाही आणि ते थेट पिण्याजोगे असते. तरीही त्या नळाला वहिनींनी सांगलीहून आणलेले गाळण्याचे कापड बांधले, ते निघण्याच्या दिवशीच सोडले.

शहराची मुख्य बाजारपेठ म्हणजे लौगावेगूर हा रस्ता. दोन्ही बाजूंना लोकरीच्या कपड्यांची, पुस्तकांची, दागिन्यांची दुकाने. नावाचा अर्थ विचारला तर बाजाराशी काही संबंध निघत नाही. तो आहे ऊन पाण्याच्या झऱ्यांकडे जाणारा रस्ता. पूर्वी शहरातील बायका धुण्याचे ओझे पाठीवर घेऊन, हिमवादळातसुद्धा, तीन किलोमीटर चालत लौगारदालूर येथील उकळत्या झऱ्यांपर्यंत जात. तोल जाऊन त्यात पडलेल्या काही जणी दगावल्या, तेव्हा पुढे झऱ्यांवर लोखंडी कमानी बसवण्यात आल्या. त्या धुणाऱ्या स्त्रीचे आस्मुंदूर स्वेन्सन यांनी घडवलेले शिल्प तेथे आहे. वहिनी त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. कृष्णेच्या घाटावर धुण्याची बादली घेऊन जाणाऱ्या सासूबाई त्यांना आठवल्या. अण्णा त्या दिवशी शेजारच्या बाकावर फोन चाळत होते, हेही नोंदवायला हवे.

याच झऱ्यांजवळ विहिरी खोदून १९३० साली सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या नळांतून गरम पाणी शहरात आणले गेले. पहिला लाभ मिळाला तो एका प्राथमिक शाळेला. पाठोपाठ काही घरांना. त्याआधी शहर कोळशाच्या धुराने काळवंडलेले असे. पुढे १९७०च्या दशकात खनिज तेल महागले, तेव्हा या देशाने जमिनीतल्या उष्णतेकडे आणखी नेटाने लक्ष वळवले. ही हकीकत अण्णांना आवडली. महाग माल बंद करून घरचाच माल खपवला, असा त्यांनी तिचा अर्थ लावला, आणि तो फारसा चुकीचा म्हणता येणार नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या शहराचा इतिहास तसाही वाचण्यासारखा आहे. १६०२ पासून जवळजवळ दोन शतके येथील सारा व्यापार डेन्मार्कच्या राजाने नेमून दिलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती होता. कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या पेढीला मासळी द्यायची, हेही ठरलेले. होल्म्फास्तूर नावाच्या एका गरीब माणसाने सतराव्या शतकाच्या अखेरीस थोडी मासळी दुसऱ्या व्यापाऱ्याला विकली, म्हणून त्याला खांबाला बांधून फटके मारण्यात आले. ही मक्तेदारी उठली तेव्हा, १८ ऑगस्ट १७८६ रोजी, रेक्याविकला व्यापारी शहराची सनद मिळाली. त्या वेळी वस्ती दोनशेहूनही कमी होती. आज शहरात सुमारे एक लाख चाळीस हजार लोक राहतात. सांगलीकराला ही संख्या किरकोळच वाटावी.

जेवणाचा प्रश्न घरात स्वयंपाकघर असल्याने सुटला होता. लसणाशिवायचे भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि मूगडाळ बरोबर होतीच. टोमॅटो आणि काकडी तेथल्याच, भूगर्भातील उष्णतेवर तापवलेल्या काचघरांत पिकलेल्या, ताज्या मिळाल्या. खरा पेच वेगळाच होता. दोघांनाही रात्रिभोजनाचा त्याग. आणि येथे सूर्य मावळतो मध्यरात्री! अकरा वाजता जेवले तरी नियम मोडत नाही, असा अण्णांचा युक्तिवाद. सांगलीचा सूर्यास्त धरावा तर दुपारी दीडलाच ताटे आवरावी लागणार. वहिनींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि रोज सायंकाळी साडेसहाला पाने मांडली. "सूर्य त्यांचा आहे, पोट आपलंच आहे ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

शहराबाहेरच्या सहलीत थिंगवेत्लिर आले, जेथे ९३० साली लोकसभा भरू लागली. गुल्फोसचा धबधबा आला. पण मन रमले ते हौकादालूरच्या खोऱ्यात. तेथे स्ट्रोक्कूर हा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. आधी पाण्याचा निळसर घुमट फुगतो, क्षणभर थरथरतो, आणि मग वीस मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच, उकळते पाणी फेकले जाते. त्याच्या शेजारी आता क्वचितच उसळणारा गेसिर आहे. जगातील अशा सर्व फवाऱ्यांना त्याच्यावरून नाव मिळाले, आणि आपल्या न्हाणीघरातील गीझरलाही. अण्णांनी त्याचे चित्रण करून मुलाला पाठवले. त्यात दर विचारला नव्हता.

आता राहिले स्नान. आइसलँडच्या सार्वजनिक तलावात उतरण्याआधी साबण लावून, अंगावर वस्त्र न ठेवता, धुऊन घ्यावे लागते. कारण पाण्यात जंतुनाशक शक्य तितके कमी घालतात. स्त्रियांची व्यवस्था वेगळी असली तरी आडोसा असेलच असे नाही. बारोन्स्स्तीगूर रस्त्यावरील १९३७ सालच्या तरणतलावात वहिनी दारापर्यंत गेल्या आणि माघारी फिरल्या. "तुम्ही जा, मी बसते इथं." अण्णाही गेले नाहीत. एकट्याने पाण्यात बसून काय बोलायचे, हे त्यांना सुचेना.

ब्लू लगूनमध्ये मात्र दार लावून घेता येईल अशा न्हाण्या आहेत, हे सुनेने शोधून काढले. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचा हा तलाव निसर्गाने केलेला नाही. स्वार्तसेंगी येथील वीजकेंद्रातून सोडलेले पाणी १९७६ पासून लाव्हाच्या खडकात साचत गेले. समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे हे मिश्रण सिलिकामुळे दुधी निळे दिसते. टाकाऊ पाण्याचे तिकीट लावून दुकान चालवणारे लोक पाहून अण्णांनी त्यांना मनोमन नमस्कार केला.

वाटेत मातीचे प्रचंड बांध दिसतात. पलीकडे ग्रिंडाविक हे मच्छीमारांचे गाव. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जमीन हादरत असताना तेथील सुमारे अडतीसशे लोकांना घरे सोडावी लागली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात लाव्हा थेट लगूनच्या वाहनतळावर आला. बसमधील मार्गदर्शक हे शांतपणे सांगत होती. अण्णांनी विचारले, "दुकानांचं काय झालं? माल?" लोक जे हाती लागले ते घेऊन निघाले, असे तिने सांगितले. अण्णा उरलेला रस्ता काळ्या खडकाकडे पाहत होते.

दागिने काढून ठेवा, पाण्याने धातू खराब होतो, अशी सूचना दारातच होती. वहिनींनी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवले, जोडवी मात्र काढली नाहीत. बाह्या आणि पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून त्या बाहेर आल्या, तेव्हा बाहेर आठ अंश तापमान होते. अण्णांनी हात दिला. पाणी अडतीस अंशांचे. वहिनींचे गुडघे, जे पेढीच्या जिन्यावर वर्षानुवर्षे कुरकुरत आले होते, त्यात सैलावले. फोन कपाटात बंद होता. दोघे दीड तास बोलत राहिले: महाबळेश्वरच्या त्या एका दिवसाबद्दल, थोरल्या मुलीच्या घराबद्दल, आणि गोदामाच्या किल्ल्यांबद्दलही.

बाहेर आल्यावर फोनवर मुलाचे चार कॉल दिसले आणि एक निरोप. भाव बरा आला म्हणून त्याने गोदामातला लॉट काढला होता. अण्णांना विचारायला वेळ नव्हता. अण्णांनी तो निरोप दोनदा वाचला. "बरं केलंस," एवढेच त्यांनी उत्तर लिहिले. दर विचारण्यासाठी बोट पुन्हा अक्षरांवर गेले होते, तेवढ्यात वहिनी पायाकडे पाहत म्हणाल्या, "अहो, जोडवी पार काळी पडली की." अण्णांनी फोन खिशात टाकला, वाकून ती पाहिली आणि म्हणाले, "चिंचेनं घासली की निघेल. नाही निघाली तर राहू दे तशीच."