व्हॉल्व्ह मीटरच्या अलीकडे की पलीकडे?

या आठवड्यात मीटर ताडून पाहणाऱ्या प्रूव्हरबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या खेपेला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न प्रूव्हरच्या आधीच निकालात निघायला हवा. हे गृहस्थ पाड्यांच्या नळयोजनेचं काम बघतात. ते लिहितात : "टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर मीटर आहे. त्याच्या आधीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून आम्ही पाणी बेताने सोडतो. तुमच्या लेखातल्या आकृतीत मात्र व्हॉल्व्ह मीटरच्या नंतर दाखवलाय. आमचा मीटर टाकीत पडतं त्याहून जास्त पाणी दाखवतो. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?"

आहे. आणि पेट्रोलच्या लाइनीत याच संबंधापायी लाखोंचा हिशेब इकडचा तिकडे होतो.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड पाइपलाइन १९९८मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे अडीचशे किलोमीटर. पुढे ती इंदूरजवळच्या मांगलियावरून थेट दिल्लीकडच्या बिजवासनपर्यंत गेली. एकाच नळातून पेट्रोल, डिझेल असा माल पाठोपाठ ढकलला जातो. अशा लाइनीत टर्बाइन मीटर असेल तर त्याला एकच गोष्ट कळते : पात्यांमधून किती आकारमान गेलं. ते द्रवाचं की वाफेचं, याचं त्याला सोयरसुतक नाही.

आता मीटरच्या आधीचा व्हॉल्व्ह आवळा. अरुंद फटीतून पेट्रोल वेगाने निसटतं, पलीकडे दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबातच ते मीटरमध्ये शिरतं. पात्यांपाशी वेग आणखी वाढतो, तिथे दाब आणखी उतरतो. पेट्रोल तर मुळातच उडायला टेकलेलं. बीएस-६ पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना ६० किलोपास्कलपर्यंत असू शकतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सहा दशांश. दाब त्याखाली गेला की बुडबुडे धरतात. बुडबुडा जागा अडवतो, उरलेल्या वाटेने द्रवाला घाईने जावं लागतं, रोटर जोरात फिरतो आणि न आलेल्या पेट्रोलचीही नोंद होते. शिवाय अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमागे प्रवाह तिरका आणि भोवरे खात येतो. म्हणून तर मीटरच्या आधी व्यासाच्या दहापट सरळ नळी आणि आत प्रवाह सरळ करणाऱ्या पट्ट्या ठेवतात.

व्हॉल्व्ह मीटरच्या पलीकडे नेला की सगळं चित्र पालटतं. दाब पडतो तो मीटर ओलांडल्यावर. मीटर स्वतः भरल्या, दाबाखालच्या द्रवात बसलेला राहतो. हा पाठचा दाब किती हवा, याचा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा नियम मला फार आवडतो, कारण तो तोंडी करता येतो : मीटरमध्ये जितका दाब खर्च होतो त्याच्या दुप्पट, अधिक बाष्पदाबाच्या सव्वापट. मीटर ०.३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) खात असेल आणि बाष्पदाब ०.६ किलो धरला, तर ०.६ अधिक ०.७५, म्हणजे १.३५ किलो. मीटरनंतरच्या गेजवर निदान एवढं दिसलंच पाहिजे.

एका स्टेशनवर नेमकी हीच भानगड झाली होती. डिझेल आलं की हिशेब चोख, पेट्रोलची बॅच आली की मीटर पुढे पळायचा. मीटर उघडला, पाती तपासली, बेअरिंग बदललं, फरक शून्य. दोष मीटरमध्ये नव्हताच. पलीकडच्या कंट्रोल व्हॉल्व्हची गळती थांबवायला कुणीतरी ग्लँड कचकचून आवळला होता. त्यामुळे स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, अडखळायचा, मग एकदम उडी मारायचा. स्टेमशेजारच्या पट्टीवर काटा चाळिसावर थबकलेला, आणि क्षणात बावन्नवर. प्रवाह सतत खालीवर. कंटाळून शिफ्टवाल्यांनी तो व्हॉल्व्ह मॅन्युअलवर टाकून पूर्ण उघडला आणि प्रवाह आवरायला अलीकडचा आयसोलेशन व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. तिथे कान दिला की नळातून खडी वाहत असल्यासारखा आवाज यायचा. डिझेलचा बाष्पदाब नगण्य, म्हणून ते निमूट जात होतं. पेट्रोल मात्र उकळत होतं. ग्लँड सैल करून नवं पॅकिंग घातलं, अलीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि विषय मिटला. व्हॉल्व्हच्या आजाराची शिक्षा मीटरला होते, हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी हळहळलोय.

पाठच्या दाबाचं आणखी एक काम आहे. मुंबईहून निघालेल्या मालाला सह्याद्री चढावा लागतो. ६०० मीटर उंचीचा पेट्रोलचा स्तंभ तळाशी सुमारे ४४ किलो दाब देतो, म्हणजे माथ्यावर पोहोचेतो तेवढा दाब नुसता चढण्यातच संपलेला असतो. पुढच्या टोकाला व्हॉल्व्ह सताड उघडला तर माथ्यावर लाइन वाफेने पोकळ होऊ शकते. मग इकडून किती टाकलं आणि तिकडे किती निघालं, याचा मेळ बसत नाही. माथा भरलेला ठेवणं हेही त्या टोकाच्या व्हॉल्व्हचंच काम.

हाच क्रम टँकर भरण्याच्या गँट्रीवर दिसेल : गाळणी, हवा काढणारं भांडं, मीटर आणि मग व्हॉल्व्ह. सुरुवातीला आणि शेवटी तो प्रवाह मंद करतो. सुरुवातीला स्थिर विजेचा धोका टाळायला, शेवटी नेमक्या लिटरवर थांबायला. पेट्रोल पंपावरही बंद होतो तो मीटरनंतरचा नोझल, म्हणून होज कायम भरलेला राहतो.

आता काठीच्या पत्राचं उत्तर. पाणी पेट्रोलसारखं सहजी उकळणार नाही, ३० अंशांना त्याचा बाष्पदाब जेमतेम ०.०४ किलो. तुमचा चोर बहुधा हवा आहे, आणि अलीकडच्या अर्ध्या बंद व्हॉल्व्हमुळे मीटर भरलेला राहत नाही म्हणून तिला वाव मिळतो. पाणी ठरावीक वेळीच सोडत असाल तर मधल्या वेळात लाइन रिकामी होते, आणि पाणी सोडलं की पुढची हवा मीटर फिरवत आधी निघून जाते. चढउताराच्या लाइनीत हे जास्तच. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. मीटर लाइनीच्या खोलगट भागात घ्या, म्हणजे तो रिकामा होणार नाही. अलीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि पाणी आवरायचं ते मीटरनंतरच्या व्हॉल्व्हने. मग टाकीची लांबी-रुंदी आणि पाणी किती चढलं ते पट्टीने मोजून मीटरशी ताडून पाहा, आणि दोन्ही आकडे मला कळवा. प्रूव्हर म्हणजे हीच ताडणी, फक्त टाकीच्या जागी मापून घेतलेली नळी आणि तिच्यातून धावणारा गोळा. तुमचे आकडे आले तर पुढचा लेख त्यांच्यापासूनच सुरू करू.