टाचेतलं रक्त आणि दुपट्याची चुगली

ओल्या दुपट्यावर फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकायचा. हिरवा डाग उमटला, की बाळाला पीकेयू असल्याची शंका! १९५७ साली कॅलिफोर्नियात डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांनी ही लंगोट-चाचणी काढली. पीकेयू म्हणजे फेनिलकीटोन्युरिया. प्रथिनांतल्या फेनिलॲलनिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम जन्मतःच कामचुकार, त्यामुळे फेनिलॲलनिन रक्तात साठतं आणि मेंदूवर घाला घालतं. चाचणी झकास, पण वरातीमागून घोडं. लघवी रंग दाखवेपर्यंत बाळ काही आठवड्यांचं व्हायचं, तोवर नुकसान सुरू!

हा आजार १९३४ मध्ये नॉर्वेच्या डॉ. अस्ब्यॉर्न फोलिंग यांनी ओळखला. बोर्ग्नी एगेलांड यांच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली आणि लघवीला चमत्कारिक वास. ‘हा वास कसला?’ असं विचारत त्यांनी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. फोलिंगनी ऐकून घेतलं. शोधाचं निम्मं श्रेय या माउलीचं, असं आपलं माझं मत.

वासाचंच निघालं म्हणून सांगतो: मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये बाळाच्या कानातल्या मळालासुद्धा पाकासारखा गोडसर वास येतो, तर आयसोव्हॅलेरिक ॲसिडीमियात घामट पायमोज्यांचा!

लघवी सोडून रक्त धरलं ते अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉबर्ट गथ्रींनी. त्यांच्या भाचीचा पीकेयू उशिरा कळला होता. त्यांनी बॅसिलस सबटिलिस हा जंतूच कामाला लावला. जंतूला रोखणारं रसायन घातलेल्या अगारवर वाळलेल्या रक्ताची कागदी टिकली ठेवायची. रक्तात फेनिलॲलनिन जास्त असेल तर रसायनाचा जोर ओसरतो, टिकलीभोवती जंतूंचं कडं वाढतं. शिवाय हा कागद साध्या टपालानेही धाडता येतो. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तपासणी कायद्याने सक्तीची केली. आता तशाच टिकलीवरून टँडेम मास स्पेक्ट्रोमीटर एका दमात डझनावारी विकार हुडकतो.

रक्त टाचेच्या कडेतून घेतात; मधोमध हाड जवळ असतं. पण जन्मताच का नाही? पोटात असेतो बाळाचा कचरा आईचं शरीर उपसतं. बाळ दूध प्यायला लागलं, की खरा हिशोब रक्तात उतरतो. म्हणून साधारण २४ ते ७२ तासांचा मुहूर्त.

पीकेयूवर उतारा म्हणजे पथ्य: दूध, डाळी, अंडी यांवर बंधन आणि खास पावडरीचं दूध. डाएट कोलाच्या कॅनवर बारीक अक्षरांत इशारा असतो तो याचपायी, ॲस्पार्टेममधून फेनिलॲलनिन सुटतं. बायोटिनिडेज हे एन्झाइम कमी असेल तर रोजच्या बायोटिनवर भागतं. दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज न पचणाऱ्या गॅलॅक्टोसेमियात मात्र आईचं दूधही बंद.

पथ्य फक्त खाण्यापिण्याचंच नसतं: जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेल्या बाळाला डांबराच्या गोळ्या सोसत नाहीत. ट्रंकेतली झबली-टोपडी तशीच चढवली तर तांबड्या पेशी फुटून कावीळ उसळू शकते. मुलग्यांत हा दोष अधिक.

२००८ मध्ये गोव्याने सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. देशभर ती अजून सरसकट नाही, त्यामुळे प्रसूतीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांनी तर जरूर. यातले बहुतेक विकार आईबाबा दोघांकडून सदोष जनुक आलं तरच उमटतात, आणि नात्यातल्या नात्यात तो योग जुळण्याची शक्यता वाढते.