नॉन्नोंचं अंजीर

न्यू जर्सीतल्या जुन्या इटालियन वस्त्यांतून हिवाळ्याच्या तोंडावर फिरलं, की एखाद्या परसात एक विचित्र ध्यान उभं दिसतं. पुरुषभर उंच, अंगाला जुनी सतरंजी आणि गोणपाट, त्यावर डांबरी कागद, दोन-तीन ठिकाणी दोरखंड करकचून आवळलेला आणि डोक्यावर उपडी बादली. नवख्याला बुजगावणंच वाटावं. ते असतं अंजिराचं झाड, थंडीसाठी गुंडाळून ठेवलेलं. बादली अशासाठी, की वरून पाणी झिरपून फांद्या कुजू नयेत. असं ध्यान ज्या दारी दिसेल, त्या घरात कधीकाळी दक्षिण इटलीतून एक नॉन्नो, म्हणजे आजोबा, आलेले असणार, हे मी न विचारता सांगते. आजवर क्वचितच चुकले आहे.

माझं आजोळ सासवडजवळचं, त्यामुळे अंजीर म्हटलं की मी जरा वाहवतेच. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथे पेढे वाटणारी मी एकटीच असेन. बेलव्हिलला राहायला आलो आणि शेजारच्या परसात अंजीर आहे असं कळलं, तेव्हा सामान लावायच्या आधी मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. झाडाच्या मालकीणबाई आज सत्तरीच्या पुढे आहेत. झाड त्यांच्या नॉन्नोंचं. नॉन्नोंना जाऊन पन्नास वर्षं होत आली, मी त्यांना पाहिलेलंही नाही; तरी माझ्या स्वतःच्या चुलत आजोबांपेक्षा मला त्यांची माहिती जास्त आहे. कारण दर नोव्हेंबरात झाडापाशी दोर धरायला मी असते, आणि हात कामाला लागले की बाईंना नॉन्नो आठवतात.

गुंडाळणं ही नॉन्नोंच्या मते आळशी माणसांची पद्धत. ते झाड पुरत. होय, उभंच्या उभं झाड आडवं करून मातीत पुरत. अजूनही त्या घरी तसंच होतं, आणि ते कसं करतात हे मला सविस्तर सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

पानं गळून गेली, एकदोन रात्री पाणी गोठलं, की काम काढायचं. आधी वेड्यावाकड्या फांद्या छाटायच्या. उरलेल्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दोर फिरवत हळूहळू आवळत न्यायच्या, म्हणजे झाडाची मोळी होते. घाई केली की फांदी काडकन मोडते. म्हणून एकानं दोर ओढायचा आणि दुसऱ्यानं फांद्यांना हातानं आत घ्यायचं. मग झाडाच्या लांबीइतका चर खणायचा. त्यानंतरचं काम बघवत नाही. चराच्या बाजूची आणि बरोबर तिच्या समोरची मुळं फावड्यानं तोडायची. उरलेल्या दोन बाजूंची मुळं बिजागरीचं काम करतात. मग दोघांनी बुंध्याला खांदा लावून झाड चरात लोळवायचं. मुळं आतून करकरतात. पहिल्या वर्षी मी डोळे मिटून घेतले होते. बाई म्हणाल्या, ‘नॉन्नो सांगायचे, त्याला दुखत नाही, ते झोपायला चाललंय.’ वर फळ्या, एखादं जुनं दार, मग पाचोळ्याचा जाड थर, त्यावर माती आणि सगळ्यावर ताडपत्री. डिसेंबरात पाहुणे येतात आणि परसातला तो लांबट उंचवटा बघून गप्प होतात. विचारायची पंचाईत.

मार्च सरता सरता किंवा एप्रिलात झाड उकरून उभं करतात, आणि तेही मळभ असलेला दिवस बघून. चार महिने अंधारात राहिलेल्या सालीला एकदम ऊन लागलं तर ती भाजते. नॉन्नो आदल्या रात्री अंगणात जाऊन आभाळ बघत. शाळेत असलेल्या बाईंना त्या सकाळी शाळेला दांडी मारायची मुभा असे.

एवढा खटाटोप का, तर अंजीर मुळात भूमध्य समुद्राकाठचं झाड. उणे दहा अंशांच्या खाली पारा गेला की वरचा भाग मरतो. मुळं जगतात, वसंतात खालून नवे धुमारेही फुटतात, पण मग फळ धरायला उशीर होतो आणि पिकायच्या आत थंडी गाठते. नोव्हेंबरात फळबागेला ताण द्यायचा की पाणी, एवढीच चिंता असलेल्या आमच्या पुरंदरच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. तिथे एकाच झाडाला खट्टा बहार धरायचा की मीठा, यावर पैजा लागतात.

एका बाबतीत मात्र पुरंदर आणि बेलव्हिल एक आहेत. दोन्हीकडच्या अंजिराला फळ धरायला किडा लागत नाही. आपल्या उंबरात किडे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते किडे म्हणजे परागीकरण करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या. अंजिराच्याही स्मर्ना जातीला अशी माशी लागते, आणि तिच्यापायी कॅलिफोर्नियात एक मोठी फजिती झाली. १८८० नंतर तिथल्या बागाईतदारांनी तुर्कस्तानातून स्मर्नाची झाडं आणून लावली. झाडं फोफावली, फळं धरायची आणि सुपारीएवढी झाली की गळून पडायची. माशीची गोष्ट सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढत. अखेर १८९९ साली फ्रेझ्नोच्या जॉर्ज रोडिंगच्या बागेत माशी रुजली आणि अंजीर टिकलं. कॅलिफोर्नियातलं सुकं स्मर्ना अंजीर उभं आहे ते त्या माशीच्या जिवावर. नॉन्नोंसारख्यांनी आणलेल्या जाती साध्या, विनामाशीच्या. त्या तशा नसत्या तर हजारो मैलांवरच्या परसात एकट्या झाडानं जन्मभर नुसती पानंच दिली असती.

आणलं कसं? काडी आणली. अंजिराची वीतभर काडी ओल्या फडक्यात गुंडाळली तर आठवडेच्या आठवडे तग धरते. १९११ साली नॉन्नो सोळा वर्षांचे असताना तेओरा गावातून निघाले. परदेशी रोपं अडवणारा अमेरिकेचा वनस्पती विलगीकरणाचा कायदा झाला १९१२ साली, म्हणजे काडी अगदी राजरोस आली. (आता असली काडी विमानातून आणणं बेकायदा आहे, हे मलाही सांगून ठेवतेय आणि तुम्हालाही.) काडीची अशी कथा इथल्या प्रत्येक इटालियन घरात ऐकायला मिळते. कुणाची काडी बटाट्यात खोचलेली, कुणाची आईच्या लुगड्यात शिवलेली. माझं मत विचाराल तर यातल्या निम्म्या काड्या प्रत्यक्षात शेजाऱ्याकडून आलेल्या असणार. पण त्यामुळे गोष्ट खोटी ठरत नाही. कुणी तरी एकानं आणली होतीच. म्हणूनच या झाडांना रोपवाटिकेतली नावं नसतात. ज्यानं काडी दिली त्याच्या नावानं झाड ओळखतात.

इतिहास उरकते. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेतले: कांपानिया, कालाब्रिया, बाझिलिकाता, सिसिली. जमीन थोडी, कर भारी, हिवताप पाचवीला पुजलेला. एलिस बेट १८९२ साली उघडलं, १९०७ साली गर्दीचा कळस झाला, आणि १९२४ च्या कायद्यानं इटलीच्या वाट्याला वर्षाला जेमतेम ३,८४५ जागा ठेवून दार लावून घेतलं. एलिस बेटावरच्या कारकुनांनी नावं बदलली हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. कारकून जहाजाची यादी पुढ्यात ठेवून काम करत, आणि यादी व्हायची निघाल्या बंदरावर. नावं नंतर शाळेत, कारखान्यात आणि स्वखुशीनं बदलली.

नॉन्नो उतरले ते नूअर्कच्या फर्स्ट वॉर्डात. तेओरा, कालाब्रित्तो, कापोसेले या आव्हेल्लिनो प्रांतातल्या डोंगरी गावांची माणसं तिथे एकमेकांच्या ओळखीनं येऊन राहिली होती. सेंट लूसीच्या चर्चमध्ये त्यांनी आपला संत जेरार्ड आणून बसवला. गरोदर बायकांचा हा पाठीराखा. ऑक्टोबरातल्या त्याच्या उत्सवाला मी बाईंबरोबर गेले आहे. मूर्तीच्या अंगावर नोटा टाचलेल्या, मागे बँड, आणि बायकांच्या हातात मंतरलेले रुमाल. नवस फेडायला आलेल्या बाईचा चेहरा कुठेही ओळखू येतो.

नॉन्नो रस्त्याच्या कडेचे दगड बसवायचं काम करत. रात्री चाळवजा इमारतीच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, झाडाजवळ बसत. दारूबंदीच्या काळात तळघरात वाइनही गाळत, आणि ती चोरून नाही. १९२० पासून लागू झालेल्या व्होल्स्टेड कायद्यात घरापुरत्या फळांच्या रसाला पळवाट होती; कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. कॅलिफोर्नियाची जाड सालीची आलिकांते बुशे द्राक्षं रेल्वेच्या वाघिणींतून पूर्वेकडच्या यार्डांत उतरत आणि नॉन्नोंसारखे लोक पेट्यांच्या पेट्या घरी वाहून नेत. मला वाइनचा फारसा नाद नाही, म्हणून इथेच थांबते.

युद्धाचं मात्र सांगायला हवं. डिसेंबर १९४१ मध्ये इटलीशी युद्ध सुरू झालं आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे रहिवासी ठरले. नाव नोंदवायचं, फोटो चिकटवलेलं पुस्तक जवळ बाळगायचं, लघुलहरींचा रेडिओ आणि कॅमेरा जमा करायचा. बेसबॉलचं दैवत जो डिमॅजिओ, त्याच्या कोळी बापाला सान फ्रान्सिस्कोच्या बंदरावर जायची बंदी झाली. नॉन्नोंना इंग्रजी लिहिता येत नसे म्हणून त्यांनी कागद केलेच नव्हते. मुलगा अमेरिकेच्या सैन्यात, आणि बाप रेडिओ पिशवीत घालून ठाण्यावर. १२ ऑक्टोबर १९४२ ला हा शिक्का पुसला गेला. त्याच शरदात नॉन्नोंनी अंजीर नेहमीपेक्षा खोल पुरलं, असं बाईंच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं.

१९५० च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली फर्स्ट वॉर्डाचा गाभा पाडला आणि तिथे उंच इमारतींची वसाहत उठवली. ती इतकी वाईट निघाली, की १९९४ साली सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. नॉन्नोंनी जुन्या अंगणातल्या झाडाच्या काड्या काढल्या आणि बेलव्हिलला आणून लावल्या. तिकडे इटलीत २३ नोव्हेंबर १९८० च्या संध्याकाळी आव्हेल्लिनोच्या डोंगरात भूकंप झाला, जवळपास ३,००० माणसं गेली, आणि तेओरा गावही कोसळलं. मी तेओराला जाऊन आले आहे. आताचं गाव नवं, सिमेंटचं आहे. बाईंनी सांगितलेली गल्ली मला तिथे कुणी दाखवू शकलं नाही. अंजिरं मात्र बांधाबांधाला होती, आणि त्यांना कुणी बांधत नव्हतं, पुरत नव्हतं.

नॉन्नोंची एक करामत मी स्वतः करून पाहिली आहे. सप्टेंबर लागला आणि फळं हिरवीच राहिली, की ते गवताची काडी ऑलिव्ह तेलात बुडवत आणि प्रत्येक फळाच्या बुडाशी असलेल्या डोळ्याला तेलाचा एक थेंब लावत. फळ वेळेआधी फुगतं, मान टाकतं आणि मऊ होतं. ही युक्ती फार जुनी आहे. फार लवकर लावलं तर फळ नुसतं फुगतं, गोडी येत नाही. डोळा तांबूस दिसायला लागला की लावायचं. शिडी धरायचं काम नातवंडांचं. पिकलेलं फळ नॉन्नो खिशातल्या चाकूनं देठाकडून चिरून साल चार पाकळ्यांनी मागे सोलत आणि पहिलं नेहमी शिडी धरणाऱ्याला देत. चीक बोटाला लागला की खाज सुटते, म्हणून आधी फळ धोतरासारखं लांब असलेल्या एप्रनला पुसत.

आता बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय आणि खणायचं काम ब्रुकलिनला राहणाऱ्या भाच्याकडे आलंय. त्याचं म्हणणं, पुरायची गरजच नाही. हिवाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, गोणपाट पुरेल. त्यानं स्वतः त्याच झाडाची काडी कुंडीत लावली आहे आणि कुंडी थंडीत गॅरेजमध्ये ढकलतो. बाईंच्या मते ही शुद्ध लबाडी. ‘नॉन्नोंनी याला झाड म्हटलं नसतं,’ असं त्या त्याच्या तोंडावर सांगतात. गेल्या ऑगस्टात तो कुंडीवरची अंजिरं टोपलीत घालून घेऊन आला. बाईंनी एक सोललं, खाल्लं, दुसरं सोललं. भाचा वाट बघत उभा. टोपली निम्मी झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘पाणी जास्त घालतोस.’