चौदाशे मीटरची दिल्ली

कामासाठी दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाची दिल्ली बहुतेक वेळा गाडीच्या काचेपलीकडून सरकत जाते. विमानतळ, कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन, मग कृषी भवन किंवा शास्त्री भवन, पासाच्या खिडकीपुढची रांग, ‘साहब मीटिंग में हैं’, आणि पुन्हा विमानतळ. या भागात पायी फिरायचं म्हटलं तरी मजा येत नाही. ल्युटेन्सने आखलेले रस्ते रुंद आहेत, सावलीचे आहेत, देखणेही आहेत. पण एका बंगल्याची भिंत संपता संपत नाही आणि चहाची टपरी शोधत हिंडावं लागतं. चालणाऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर काहीतरी नवं लागतं. ते मंडी हाउसहून मेट्रोने चार स्टेशनं पुढे गेलं की मिळतं.

जांभळ्या मार्गिकेवरचं ‘लाल किला’ हे स्टेशन 2017 मध्ये सुरू झालं. वर आलं की एका बाजूला किल्ल्याची तांबडी तटबंदी आणि दुसऱ्या बाजूला चांदनी चौकाचं तोंड. तिथून नाकासमोर पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंत अंतर जेमतेम चौदाशे मीटर. भरभर चाललं तर वीस मिनिटांचं काम. नीट बघत गेलं तर अख्खी दुपार पुरत नाही.

शहाजहानने 1639 मध्ये किल्ल्याचा पाया घातला आणि 1648 मध्ये तो आग्रा सोडून इथे राहायला आला. हा बाजार मात्र त्याच्या मुलीचा, जहाँआराचा. 1650 च्या सुमारास तिने तो वसवला. लांबी 1520 यार्ड, रुंदी 40 यार्ड, मधोमध यमुनेच्या पाण्याचा कालवा आणि दोन्ही बाजूंना झाडं. वाटेत एक मोठा चौक आणि त्यात अष्टकोनी हौद. त्या हौदात पडणाऱ्या चांदण्यावरून चौकाला नाव मिळालं असं जुने लोक सांगतात. पुढे ते नाव सगळ्या रस्त्याला चिकटलं. हौदाशेजारी जहाँआराने परदेशी व्यापाऱ्यांसाठी भलीमोठी सराय बांधली होती. कामानिमित्त परक्या शहरात येणाऱ्यांची सोय तिच्या नकाशात पहिल्यापासून होती, असं म्हणायला हरकत नाही.

आज कालवा नाही, हौद नाही, सरायही नाही. 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी सराय पाडली आणि तिथे टाउन हॉल आणला. हौदाच्या जागेवर उंच घड्याळाचा मनोरा उभा राहिला आणि 1951 मध्ये तोही कोसळला. तरी रिक्षावाल्याला ‘घंटाघर’ म्हटलं की तो बरोबर त्याच जागी आणून सोडतो. मधल्या काळात, 1908 पासून 1963 पर्यंत, इथून ट्रामही धावली. त्यानंतर मोटारी, टेम्पो आणि हातगाड्या यांनी रस्ता असा काही भरला की पायी माणसाला अंग चोरूनच चालावं लागे.

सप्टेंबर 2021 मध्ये नवा चांदनी चौक खुला झाला. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी, लाल दगडाची फरसबंदी, बसायला दगडी ओटे. सायकलरिक्षांना मुभा आहे. बंदी मोडून घुसणारे दुचाकीस्वार अधूनमधून दिसतात, ओट्यांवर माणसांपेक्षा गाठोडीच जास्त बसलेली असतात, आणि फरसबंदी पानाच्या पिचकाऱ्यांना पुरून उरलेली नाही. तरीही हा बदल मोठा आहे. आता मान वर करून चालता येतं. चांदनी चौकात ते महत्त्वाचं, कारण खाली दुकानांच्या पाट्या आणि विजेच्या तारांचं जंजाळ असलं तरी वरच्या मजल्यावर जुन्या हवेल्यांचे नक्षीदार सज्जे आणि लोखंडी कठडे अजून टिकून आहेत.

चालायला सुरुवात करण्याआधी किल्ल्यात तासभर घालवावा. तिकीट काढून आत गेलेले बहुतेक जण दिवाण-ए-खाससमोर फोटो काढतात. मराठी माणसाने तिथे छताकडे बघावं. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत. मूळचं छत चांदीचं होतं. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, घोड्यांना चंदी नव्हती. भाऊंनी ते छत उतरवलं आणि वितळवून रुपये पाडले. नऊ लाखांचे, असं इतिहासात नोंदलं आहे. एवढ्या मोठ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? दिल्लीचे मार्गदर्शक ही गोष्ट ‘मराठ्यांनी लुटलं’ एवढ्यावर उरकतात, आपल्याकडची पुस्तकं ती नाइलाज म्हणून सांगतात. दालनात उभं राहिलं की दोन्ही खरं वाटतं. भाऊंनी इथून कूच केलं तेव्हा किल्ला नारो शंकरांच्या ताब्यात दिला. नाशिकला गोदाकाठी ज्यांचं देऊळ आणि प्रसिद्ध घंटा आहे, तेच हे नारो शंकर राजेबहाद्दर. पानिपतची बातमी आल्यावर त्यांनाही दिल्ली सोडावी लागली.

याच किल्ल्यात 1788 च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिर या रोहिला सरदाराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेने काही आठवड्यांत दिल्ली परत घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. तिथून पुढे 1803 पर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षं, दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या माणसांच्या हाती होता. पानिपतच्या पराभवावर आपण खंडच्या खंड लिहिले. या पंधरा वर्षांवर त्या मानाने फारच थोडं लिहिलं. किल्ल्यातही त्यांचं नाव ठळकपणे कुठे भेटत नाही.

त्याच्याही आधी कामासाठी दिल्लीत येऊन राहिलेलं मराठी घराणं म्हणजे हिंगणे. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीबरोबर दिल्लीत आले. चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा मिळवायच्या आणि कैदेतल्या येसूबाईंना सोडवून न्यायचं, असं ते काम. कोवळ्या वयाचा बाजीराव सोबत होता. ते साधलं, पण बादशहा फर्रुखसियरला पदच्युत करतानाच्या दंगलीत दिल्लीच्या बाजारात दीड-दोन हजार मराठे मारले गेले. पेशवे परतले, आणि पुढे दिल्ली दरबारात त्यांची वकिली नाशिककडच्या महादेवभट हिंगण्यांनी आणि नंतर त्यांच्या मुलांनी सांभाळली. त्यांची पत्रं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापली. कोण वजीर होणार, कोणाची फौज कुठे पोचली, पुण्याहून पैसे कधी येणार, असल्या चिंता त्यांत सतत येतात. दिल्लीत बसून मुख्यालयाकडे खर्चाची रक्कम मागणाऱ्या आजच्या अधिकाऱ्याला ती पत्रं फार परकी वाटणार नाहीत.

किल्ल्यातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की डाव्या हाताला जैनांचं लाल मंदिर. त्याची स्थापना 1656 ची सांगतात, तांबडी शिखरं बरीच नंतरची. आवारातच पक्ष्यांचा दवाखाना आहे. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेली कबुतरं, उन्हाने कोसळलेले पोपट लोक खोक्यात घालून घेऊन येतात आणि उपचार फुकट होतात. मांसाहारी पक्ष्यांवरही इलाज होतो, पण त्यांना वॉर्डात ठेवून घेत नाहीत. घार आली तर मलमपट्टी करून त्याच दिवशी घरी!

त्याला लागूनच गौरीशंकर मंदिर. ते आपा गंगाधर नावाच्या मराठा सेवेतल्या माणसाने बांधलं, असं दिल्लीत सर्वत्र सांगितलं जातं. लढाईत जखमी झाल्यावर त्याने नवस केला होता, ही त्यामागची कथा. वर्ष मात्र 1761 देतात, तिथे जरा थबकायला हवं. जानेवारीत पानिपत झालं आणि दिल्ली नजीबखानाच्या हाती गेली. त्या वर्षी मराठ्यांच्या माणसाने किल्ल्यासमोर देऊळ उभारणं अवघड दिसतं. शिंद्यांच्या अमदानीशी ही हकिगत अधिक जुळते. आजची इमारत विसाव्या शतकात दुरुस्त केलेली, चकचकीत संगमरवरी आहे, आणि सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. रांगेतल्या भाविकांत मराठी माणूस क्वचितच सापडेल.

पुढे उजवीकडे भगीरथ पॅलेस. दिव्यांच्या माळा, वायरी आणि पंख्यांचा हा घाऊक बाजार एकेकाळी बेगम समरूचा वाडा होता. ही बाई सरधण्याची जहागीरदार होती आणि स्वतःची पलटण बाळगून होती. 1803 मध्ये असईच्या लढाईत तिच्या तुकड्या शिंद्यांच्या बाजूने होत्या. बल्बच्या खोक्यांमागे अजूनही वाड्याचे खांब दिसतात, नजर मात्र चिकाटीची हवी.

मग एका पट्ट्यात इतिहास अक्षरशः खांद्याला खांदा लावून उभा आहे. शीशगंज गुरुद्वारा गुरू तेगबहादुरांच्या हौतात्म्याची जागा, साल 1675. आत जाताना डोकं झाकायचं. रुमाल तिथेच मिळतात. शेजारी छोटी सुनहरी मशीद. 22 मार्च 1739 रोजी तिथे बसून नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला आणि एका दिवसात हजारो माणसं कापली गेली. याच रस्त्यावर 23 डिसेंबर 1912 रोजी हत्तीवरून मिरवत निघालेल्या व्हाइसरॉय हार्डिंग्जवर बॉम्ब पडला. व्हाइसरॉय जखमी झाला, त्याच्यामागचा छत्रधारी ठार झाला.

एव्हाना भूक लागलेली असते. दरीबा कलांच्या कोपऱ्यावर 1884 पासून जिलेबी तळली जाते. ती आपल्या जिलेबीपेक्षा जाडजूड आणि तुपकट. पराठेवाली गल्लीबद्दल एक इशारा: इथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. त्यामुळे तो पराठा आणि पुरी यांच्या मधला काहीतरी प्रकार होतो. जुन्या दुकानांत कांदा-लसूण नाही. कारल्यापासून रबडीपर्यंत कशाचंही सारण भरतात. एकदा खावा, पण पोट त्यातच भरू नये. सकाळी लवकर आलं तर बेडमी पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी याहून सरस. आणि थंडीत ‘दौलत की चाट’ चुकवू नये. नावात चाट असली तरी ती दुधाच्या फेसाची मिठाई आहे. ती फक्त हिवाळ्यात मिळते, कारण उन्हाळ्यात तो फेस टिकत नाही.

पराठ्यांच्या गल्लीतून मागे किनारी बाजारात शिरावं. लग्नाची झालर, गोटा, मुंडावळ्यांना लावता येईल अशी जर, नोटांचे हार. गल्ली इतकी अरुंद की समोरून हमाल आला तर दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. नकाशा इथे कामाचा नाही. हरवलं तरी बिघडत नाही, कारण कुठलीही गल्ली शेवटी मोठ्या रस्त्यालाच आणून सोडते. टाउन हॉलसमोरून नई सडक फुटते, ती पाठ्यपुस्तकांची. पुढची बल्लीमारान चष्म्यांची आणि चपलांची. तिच्यातल्या कासिम जान गल्लीत मिर्झा गालिब शेवटची वर्षं राहिला आणि फेब्रुवारी 1869 मध्ये वारला. हवेलीचा थोडा भाग स्मारक म्हणून राखला आहे. बघायला पाच मिनिटं लागतात, गल्लीतून तिथपर्यंत पोचायला जास्त.

रस्त्याच्या टोकाला फतेहपुरी मशीद, 1650 ची, शहाजहानच्या बेगमेने बांधलेली. 1857 नंतर इंग्रजांनी ती लिलावात काढली आणि लाला चुन्नामल या व्यापाऱ्याने 19,000 रुपयांना विकत घेतली. पुढे ती मुसलमानांना परत मिळाली. चुन्नामलची प्रशस्त हवेली याच रस्त्यावर अजून उभी आहे.

मशिदीच्या कडेने वळलं की खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. पहिल्या वीस पावलांत शिंक येते. लाल मिरचीची पोती हमालांच्या पाठीवरून जातात आणि हवेत तिखट तरंगत राहतं. दगडफूल, नागकेशर, जायपत्री, खसखस, सगळं ढिगांनी. गोड्या मसाल्याची यादी घेऊन गेलं तर एका दुकानात पुरी होते, फक्त पावशेर मागितलं की दुकानदार जरा नाराज होतो.

या फेरीला एक पुरवणी आहे, ज्यांच्याकडे दुसरी सकाळ मोकळी असेल त्यांच्यासाठी. शिंद्यांची दिल्ली संपली ती यमुनेपलीकडे. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या मैदानात लुई बुरकँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखालची शिंद्यांची पलटण जनरल लेककडून हरली आणि काही दिवसांतच इंग्रज किल्ल्यात शिरले. दिल्ली जवळजवळ दीडशे वर्षं इंग्रजांकडे राहिली ती या एका दिवसामुळे. इंग्रजांनी उभारलेला या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. त्यावर विजेत्याचं नाव आहे आणि हरलेल्या सेनापतीचंही. तिथे पडलेल्या शिपायांचं एकही नाही. दरवर्षी पानिपतला जाणाऱ्या मराठी मंडळींनी आणि दिल्लीतल्या महाराष्ट्र मंडळांनी या स्तंभाकडे आणि किल्ल्यासमोरच्या देवळाकडे एकदा तरी वळावं आणि दोन्ही ठिकाणी मराठी-हिंदीत धड माहितीचा फलक लागावा म्हणून पाठपुरावा करावा. खर्च किरकोळ आहे.

बाकी सूचना थोडक्यात. लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि चांदनी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी, त्यामुळे मंगळवार ते शनिवारमधली दुपार निवडावी. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चालायला बरा, त्यातही धुरक्याचे दिवस टाळावेत. पायांत बंद बूट हवेत. परतताना चांदनी चौक स्टेशनवरून पिवळी मार्गिका घेतली की केंद्रीय सचिवालय पाच थांब्यांवर आहे, संध्याकाळची बैठक चुकत नाही.