अंगठ्याच्या मुळाचा संधिवात : शस्त्रक्रिया

अंगठ्याच्या मुळाचा संधिवात हा अंगठा व मनगटातील ट्रॅपेझियम हे लहान हाड यांमधील खोगिराच्या आकाराच्या सांध्याची कूर्चा झिजल्याने होणारा विकार आहे. आधारपट्टी, औषधे व इंजेक्शनने वेदना न शमल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ट्रॅपेझियम काढून टाकणे ही जुनी व आजही प्रचलित पद्धत. गर्व्हिस यांनी १९४९ मध्ये तिचे वर्णन केले. रिकाम्या जागी कंडरेची गुंडाळी बसवण्याची बर्टन व पेलेग्रिनी यांची जोड १९८६ मधील. मात्र २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत (११ अभ्यास, ६७० रुग्ण) कोणतीही पद्धत इतरांहून सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा साध्या शस्त्रक्रियेला कमी लेखण्याचे कारण उरत नाही. सांधा जखडल्यास पकड दणकट राहते, पण तळहात सपाट टेकणे अवघड जाते आणि कधी हाडे जुळतच नाहीत. कृत्रिम सांध्याने हालचाल लवकर परतते. तो सैल होण्याचा वा निखळण्याचा धोका असतो.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. अशा हातांसाठी पकड म्हणजे उपजीविका. ट्रॅपेझियम काढल्यावर चिमटीचे बळ परतण्यास कित्येक महिने लागतात. तोडणीचा हंगाम तर दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.